चौकीदाराची झोप

सुदामकाकांना कुणीही "झोप कशी आहे?" विचारलं, तरी उत्तर ठरलेलं. "मस्त." हे उत्तर खोटं होतं आणि चार वर्षं ते कुणालाच कळलं नाही, याचा मला अजून संताप येतो. त्या 'कुणालाच'मध्ये मीही आले.

काका आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. समुद्रपूरच्या एका जिनिंग मिलमध्ये तीस वर्षं रात्रपाळीचे चौकीदार. कापसाच्या गंजीला आग लागू नये म्हणून रात्रभर तिच्याभोवती फेऱ्या मारायच्या. "माह्या पाळीत एक बोंड नाई जळलं," हे ते नव्या माणसाला नावाच्या आधी सांगायचे. सुट्टीच्या रात्रीही जागेच असायचे आणि पहाटे चारला आमच्या भिंतीवर काठी वाजवायचे, "ऊठ पोरी, पेपर तुहा हाय, माहा नाई." आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझ्या बी.ए.त त्या काठीचा वाटा आहे, हे मी कुठेही छातीठोक सांगते.

साखरेनं किडन्या खाल्ल्या आणि आठवड्यातून तीनदा वर्ध्याला डायलिसिस सुरू झालं. रात्री काका अंगणात चालत राहायचे. गाव म्हणायचं, चौकीदार अजून ड्युटीवर आहे. दिवसा परतताना एसटीत असे झोपायचे की आमचं गाव मागे पडायचं आणि कंडक्टर त्यांना थेट गिरडला, दर्ग्याच्या गावी, उठवायचा. दर्ग्यावर नवस बोलला काय, असं पारावरचे विचारायचे. मीही हसले. पदवीधर मी!

डायलिसिसच्या खुर्चीत चार तास त्यांचे पाय स्थिर राहत नसत. ते उठायला बघायचे, मशीन बोंबलायचं आणि सिस्टर चार माणसांत झापायची. एका सोमवारी ते निघालेच नाहीत. बुधवारीही नाही. तोंड सुजलं, दम लागायला लागला. मी भांडायला गेले, तर शांतपणे म्हणाले, "तिथं पाय हलवू देत नाईत, आन् घरी तेच पाय मले पडू देत नाईत. पिंडऱ्यात मुंग्या चालतेत. चाललो का थांबतेत, पडलो का चालू. आता नाई जात म्या."

मग डॉक्टरला मस्त काऊन सांगता, मी विचारलं.

"झोपलो नाई याचाच तं पगार घेतला म्या जन्मभर. आता तेच दुखनं हाय मनून कोन्या तोंडानं सांगू?"

त्याच दिवशी मी त्यांना गाडीत घालून वर्ध्याला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी फाइल चाळली. प्रत्येक पानावर 'झोप : ठीक'. चौकीदार होते ना, मग जागायची सवयच असेल, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, सवयीपायी कुणी मरायला तयार होत नाही. त्यांनी पुन्हा फाइल उघडली. मागे उभी असलेली शिकाऊ डॉक्टर पुढे आली. तिनं झोपेचं विचारलंच नाही.

"काका, रात्री पाय काय करतात?"

काका दहा मिनिटं बोलत होते. हा आजार आहे, डायलिसिसवाल्या पुष्कळांना होतो, त्यावर इलाज असतो, असं ती म्हणाली. इतकं साधं होतं ते.

औषध सुरू झालं. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण काका रात्रीचे चार-पाच तास झोपायला लागले. खुर्चीत टिकायला लागले. एकदा उन्हं अंगणात आल्यावर दार उघडून चोरासारखे म्हणाले, "आज तं उशीर झाला पोरी." असे सात महिने मिळाले. मग हृदयानं दगा दिला. चार वर्षांनंतर फक्त सात महिने, कारण त्या चार वर्षांत तो एक प्रश्न कुणाला सुचला नाही.

आता मी गावातल्या एका मावशीला वर्ध्याला डायलिसिससाठी घेऊन जाते. झोप कशी आहे, सिस्टर विचारते. बरी हाय, मावशी सांगते. सिस्टर कागदावर 'ठीक' लिहिते, तेवढ्यात मी विचारते, "मावशी, रात्री पाय काय करून राह्यले?"

मावशी माझ्याकडे बघत राहते. "तुले कोनं सांगतलं?"

मी सिस्टरला म्हणते, 'ठीक' खोडा. आता ती सांगेल ते लिहा.