मुंगीच्या शाळेतलं अळणी जेवण

माझ्या धाकट्या भावाला घरात आम्ही ढिम्म्या म्हणतो. लहानपणी कुणी चिमटा काढला तरी हा ढिम्म हलायचा नाही. नाव मीच ठेवलं, आणि चिमटेही बहुतेक माझेच असायचे. मोठेपणी तो शहराच्या बसवर ड्रायव्हर झाला तेव्हा मी म्हटलं, चला, याची बसून राहायची हौस तरी फिटली.

पण त्याच्या बसमध्ये एकदा बसून बघावं. थांबा यायच्या कितीतरी आधीपासून तो वेग उतरवत आणतो. उभ्या माणसाला कधी हिसका म्हणून बसत नाही. डेपोतले लोक त्याला ‘आजोबा’ म्हणून चिडवतात, तर हा नुसता हसतो. माइकवर थांब्यांची नावं खणखणीत आवाजात सांगतो, पण चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की मूग गिळून गप्प.

त्याची लेक म्हणजे मुंगी. गोड कुठे ठेवलंय याचा पत्ता तिला सगळ्यांच्या आधी लागतो, म्हणून मुंगी. हेही बारसं माझंच. तिची आई, म्हणजे माझी भावजय, रुग्णालयाच्या धुलाईघरात पाळ्यांवर काम करते. बाप अंधारात घर सोडतो, आई कधी त्याच्या आधी, कधी नंतर. डबा कोण करणार? मग मुंगी दुपारी शाळेच्या आवारातल्या काउंटरवरून काहीतरी घेऊन खायची. काहीतरी म्हणजे वेफर्सचं पाकीट, क्रीमची बिस्किटं आणि जिभेला रंग चढवणारं एक पेय. अर्धी शाळा तेच खायची. शाळेला स्वयंपाकघर होतं, पण त्यात मोडके बाक भरून ठेवले होते.

ढिम्म्याचं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच वर चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मुंगी पायरीवर बसली. चेहरा पांढरा, ओठ पांढरे. रडली नाही, कुरकुरली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, तू पुढे जा. मी येते.”

एखाद्या आजीला शोभावं असं ते बोलणं. ढिम्म्यानं तिला उचललं आणि वर नेलं.

तपासणीत अंगात रक्त कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, पोट भरतंय, पण त्यातून अंगी काही लागत नाहीये. गोळ्या दिल्या आणि दुपारचं जेवण सुधारा म्हणून बजावलं. मी असते तर दुसऱ्या दिवशी जाऊन तो काउंटर उलटा केला असता. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. ढिम्म्या मात्र गणवेशातच मुख्याध्यापक बाईंकडे गेला आणि म्हणे बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. बाईंनीच त्याच्याकडून विषय काढून घेतला. त्या म्हणाल्या, मला पटतंय, पण एकट्या बापाचं संचालक मंडळ ऐकणार नाही. आणखी पालक आणा.

आता याच्यासारख्यानं माणसं जमवायची म्हणजे बोलायला आलं. पण निम्मे पालक त्याच्याच बसनं ये-जा करणारे. शेवटच्या थांब्यावर बस उभी असते तेवढ्या वेळात हा पायरीवर बसून आपला डबा खायचा, आणि उतरणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारायचा, “तुमचा मुलगा दुपारी काय खातो हो?” बस, एवढंच. पुढचं ते पालक आपणहून बोलायचे. अशी दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक आई मिळाली, एक गवंडी मिळाला, बँकेतली एक बाई मिळाली, आणि हळूहळू चांगला घोळका झाला.

मंडळाच्या अध्यक्षांनी आधी नन्नाचा पाढा लावला. मुलं असलं खात नाहीत, वाया जाईल, वगैरे. शेवटी वैतागून म्हणाले, एक दिवस तुम्ही रांधून दाखवा. मुलांनी खाल्लं तर स्वयंपाकघर उघडू आणि काउंटर बंद करू. नाही खाल्लं तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही. ढिम्म्यानं ‘बरं’ म्हटलं. घोडामैदान जवळच होतं.

त्या दिवशी मोडके बाक बाहेर काढून स्वयंपाकघर मोकळं केलं होतं, आणि कांदे चिरायला मलाही धरून नेलं होतं. मसूर आणि भाज्या घालून घट्ट सूप, भात, उकडलेली अंडी आणि केळी, असा बेत. सगळे पालक झपाटल्यासारखे राबत होते. दवाखान्यातल्या आईनं नियम केला होता की पातेल्यात चमचा घालून कुणी चव बघायची नाही, स्वच्छता म्हणजे स्वच्छता. बँकवालीनं कुठेसं वाचलं होतं की मुलांच्या पोटात मीठ फार जातं, म्हणून कुणाचा हात सढळ पडू नये यासाठी तिनं मिठाची बरणीच आपल्या पिशवीत टाकली होती. गवंड्याला वाटलं, मीठ बायकांनी घातलं असेल. मला वाटलं, हे आरोग्यवाले लोक, यांचं माप वेगळं असेल. तर अशा रीतीनं एवढ्या शहाण्या माणसांनी मिळून पातेलंभर सूप रांधलं आणि त्यात मिठाचा कण नाही.

मुलांनी पहिला घास घेतला आणि चमचे खाली ठेवले. खरकट्याची बादली दाराशीच होती. शेजारी अध्यक्ष हाताची घडी घालून उभे. एका मुलानं ताट उचललं आणि तो बादलीकडे निघाला. आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गवंडी मुलांवर डोळे वटारू लागला, बँकवाली ‘खा रे, पौष्टिक आहे’ म्हणत फिरू लागली, आणि मुलं आणखीच नाक मुरडू लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुंगी आपल्या ताटाकडे खाली मान घालून बसली होती. आपल्या बापाचा हा खटाटोप कशासाठी चाललाय ते तिला ठाऊक होतं. एकटीच चमच्यामागून चमचा गिळत होती. ते बघवेना मला.

तेवढ्यात ढिम्म्या तिच्याशेजारी त्या बुटक्या बाकावर जाऊन बसला. गुडघे पार हनुवटीशी आले. त्यानं तिच्याच ताटातला एक घास घेतला, शांतपणे चावला, आणि उभा राहिला. मग थांब्यांची नावं सांगतो ना, त्या आवाजात म्हणाला, “मुलांनो, हे अळणी आहे. आम्ही मीठच घातलं नाही. चूक आमची आहे, तुमची नाही.”

मुलं जी हसायला लागली! ताट घेऊन निघालेला तो मुलगाही थांबला. लाजून लाल झालेल्या बँकवालीनं पिशवीतून बरणी काढून दिली. ढिम्म्यानं ती मुंगीच्या हातात ठेवली आणि बापलेक प्रत्येक बाकापाशी जाऊन चिमूटचिमूट मीठ वाढत फिरले. मुलं आपापलं सूप ढवळू लागली, चव बघू लागली, मोठ्या माणसांना नावं ठेवू लागली आणि त्या नादात खाऊ लागली. सगळ्यांनी संपवलं असं नाही, बादलीत थोडं गेलंच. पण बरीचशी ताटं रिकामी झाली. अध्यक्षांनी स्वतःसाठी वाटीभर मागून घेतलं तेव्हा मी ओळखलं की आपण जिंकलो.

काउंटर दुसऱ्याच दिवशी बंद करायला ते तयार होते. तर हा म्हणतो कसा, आधी ती रंगीत पेयं काढा, बाकीचं सावकाश. मी घरी येऊन त्याला झाडला. इतकं हातात आलेलं सोडतोस? तो म्हणाला, “ताई, एकदम ब्रेक मारला की उभे असतात ते पडतात.” पुढे काउंटर खरंच उठला तेव्हा मुलांना त्याची आठवणही फारशी उरली नव्हती.

परवा संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे निघाले होते. ढिम्म्या लागोपाठ दोन पाळ्या करून आलेला, थकलेला. मुंगी बडबडत आमच्या पुढे चढत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ढिम्म्या दम घ्यायला कठड्याला टेकला. ती वरून वाकून म्हणाली, “बाबा, तू बस जरा. मी पुढे जाते.”

आणि धडधडत वर गेलीसुद्धा. ढिम्म्या त्याच पायरीवर बसला आणि त्यानं तोंडावर टोपी धरली. आयुष्यभर चिमटे काढूनही जो कधी रडला नाही, तो हुंदके देत होता. मी त्याच्याशेजारी बसले. चौथ्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला.