सोया सॉसमधला गहू

परभणी स्टेशनावर मी हैदराबादच्या गाडीत बसले, तेव्हा मायनं खिडकीतून एक डबा आत सरकवला. त्यात कणकेचे लाडू होते. "परक्या मुलखात अंगात ताकद पायजे," ती म्हणाली. दादा, म्हणजे माझे वडील, तिच्या मागं उभे होते. गाडी हलली तसे ते एवढंच बोलले, "जाशील तिथं पोटभर खा. लाजू नको." हैदराबादहून मला सिंगापूरचं विमान होतं. तिथल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती.

आमचं गाव झरी. घरात रोज भाकरी ज्वारीची. गहू सणासुदीला, पाहुण्याला, बाळंतिणीला, नाहीतर आजाऱ्याला. आपला आमच्यावर जीव किती आहे हे मायनं तोंडानं कधी सांगितलं नाही. ती कणीक मळायला बसायची, आणि आम्हाला कळायचं.

सिंगापुरात मी दादांचं ऐकलं. ड्युटी संपली की हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नूडल्स, डंपलिंग, काळ्या सॉसात परतलेल्या भाज्या खायची. लाडू तर पहिल्याच आठवड्यात संपले होते. हळूहळू पोट बिघडायला लागलं. केस गळायचे, जिना चढताना धाप लागायची. पाणी मानवलं नसेल, घरची आठवण असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. पेशंटना उठवून बसवणारी मी एकदा वॉर्डातच चक्कर येऊन पडले, तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टरनं मला डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. रक्त तपासलं, मग घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाल्या, तुला सीलिॲक आहे. गहू, जव, त्यातलं ग्लूटेन तुझं आतडं पोखरतं. कणभरसुद्धा चालणार नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?"

मला विष्णू आठवला.

विष्णू माझा धाकटा भाऊ. हुशार होता, म्हणून दादांनी त्याला परभणीला वसतिगृहात ठेवलं. तिथं दोन्ही वेळेला पोळी मिळते याचं घरात केवढं कौतुक! वर्षाच्या आत तो घरी परतला तो हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा घेऊन. डॉक्टर झाले, वैद्य झाले, दर्ग्यावरचा धागाही दंडात बांधला. मायनं चांगला गहू मिळवला. शिरा, खीर, तुपातली पोळी, असं सगळं ती त्याला मांडीवर घेऊन भरवायची. तो गेला. त्यानंतर माय त्याचं नाव घ्यायची बंद झाली. एकदाच शेजारणीपाशी बोलली होती, "माज्या हातचं खाऊन बी लेकरू राहिलं न्हाई."

मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आता खात्रीनं काही सांगता येणार नाही. पण माझ्या कागदावर त्यांनी ते लिहून घेतलं.

पाव आणि पोळी सुटली. मला फसवलं ते सोया सॉसनं. नावात सोयाबीन, आणि बाटलीमागच्या बारीक अक्षरांत गहू. सोयाबीन म्हणजे आमच्या रानातलं पीक. काढलं की पोत्यांत भरून सरळ मोंढ्यावर, विकायला. त्याचा दाणा कधी आमच्या चुलीवर शिजला नव्हता. इथं त्याचा रस सगळ्या शहराच्या जेवणात होता, आणि मला चालत नव्हता. माझ्या खोलीत थुय नावाची व्हिएतनामची नर्स राहायची. तिनं माझे रिपोर्ट ऐकले आणि तिची सॉसची बाटली स्वयंपाकघरातून उचलून दुसऱ्या मैत्रिणीला देऊन टाकली. बिनगव्हाची बाटली शोधून आणली. तांदळाच्या नूडल्स कशा भिजवायच्या, सॉसला आलं-लसूण कधी घालायचं, हे मी तिच्याकडून शिकले. अंगावर मांस धरलं. घरी मात्र मी एवढंच कळवलं, की पोटाचं दुखणं होतं, बरं झालं. विष्णूचं नाव निघू नये, म्हणून.

मग एका रविवारी अक्कानं व्हिडिओ कॉल लावला. अक्का माझी मोठी बहीण, पोखर्णीला दिलेली. "आरू लय वाळायलीय गं," ती म्हणाली. आरू तिची मुलगी. वर्गात सगळ्यांत बुटकी, सारखं पोट बिघडलेलं. शेजारी माय बसली होती. "तिला माज्याकडं धाड. म्या खीर करून घालते, बग कशी धरती अंग."

मी अक्काला नंतर एकटीला फोन केला, माझं दुखणं काय ते सांगितलं. नांदेडला तपासण्या झाल्या. आरूलाही तेच निघालं. अक्कानं मायला "डाक्टरनं गहू बंद केलाय" एवढंच सांगितलं. पण आजीच्या हातचा घास किती दिवस अडणार? मी रजा टाकून झरीला आले, अक्का-आरूलाही तिथं बोलावून घेतलं.

आरू भाकरीला कुरकुर करत नव्हती. तिचं दुःख वेगळं होतं. शाळेतल्या मुली चायनीजच्या गाड्यावर जायच्या. एकदा तिनं चोरून खाल्लं आणि आठवडाभर पडून राहिली. "मावशी, तिकडं तर सगळेच चायनीज खातेत. मग तू काय खातीस?" तिनं विचारलं. म्हटलं, चल, करून दाखवते.

झरीच्या घरी बियाण्यासाठी ठेवलेलं सोयाबीन होतं. ते तव्यावर काळपट होईपर्यंत भाजलं, जाडसर कुटलं आणि पाण्यात आटवत ठेवलं. दुसऱ्या पातेल्यात गूळ करपू न देता काळा केला, त्यात तो काढा गाळून ओतला, मग चिंच, मीठ, आलं, लसूण. बाटलीतल्या सॉससारखा तो नव्हता, पण वास घरभर झाला. माय ढवळायला बसली होती.

"त्या बाटलीतल्या सासमदी बी गहू असतोय?"

"असतो, माय."

"अन् लेकराला तेवढा बी चालत न्हाई?"

"न्हाई चालत. लेकराला न्हाई अन् मला बी न्हाई. रक्तातच हाय आपल्या."

ती ढवळत राहिली. मग हात थांबला. "मंग आपला इष्णू..."

"नक्की कुणालाच सांगता येत न्हाई, माय. तवा इथं कुणाला ठाऊकच नव्हतं."

"तो भाकर मागायचा," माय म्हणाली. "शिरा नको, भाकर दे म्हणायचा. म्या देत नव्हते. आजाऱ्याला भाकर कशी द्यावी, म्हणून."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर ओट्यावर दादा बसले होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण ते उठून गोठ्याकडं गेले.

सॉस दाट करायला अक्कानं ज्वारीचं पीठ चाळायला घेतलं. माय एकदम म्हणाली, "थांब. ती चाळणी गव्हाची हाय." ती उठली, चाळणी अक्काच्या हातातून घेतली आणि परसात नेऊन टाकली. अक्कानं घेतलेलं पीठही गुरांच्या टोपल्यात गेलं. मग तिनं स्वतः ज्वारी निवडली, घासून घेतलेल्या मिक्सरमध्ये फिरवली आणि धुतलेल्या फडक्यातून गाळली. तेच पीठ लावून कोबीचे गोळे तळले, मी आणलेल्या तांदळाच्या नूडल्स परतल्या. आरू जेवत असताना माय तिच्यासमोर बसून होती. शेवटच्या घासापर्यंत हलली नाही. पदर तोंडाशी धरून ती रडली ती आरू हात धुवायला गेल्यावर.

आता मी पुन्हा सिंगापुरात आहे. माय सॉस करते, बरणी पोखर्णीच्या बसमध्ये कुणाच्या तरी हाती देते. गिरणीत गहू पडायच्या आधी, सकाळीच, झाडून-पुसून घेतलेल्या तिथल्या जात्यावर आपली ज्वारी दळून आणते. गिरणीवाल्याशी तिची दोनदा भांडणं झाली म्हणे.

गाव सोडलेल्या आपल्यासारख्यांना घर म्हटलं की ताट आठवतं. पडेल ते डोळे मिटून खावं, असं ताट. तसं घर मला आता कुठंच उरलं नाही, झरीतसुद्धा नाही. याचं वाईट वाटतं. पण गेल्या आठवड्यात माय फोनवर आपण होऊन विष्णूबद्दल बोलली. तो विहिरीत उडी कशी मारायचा, शेळीच्या पिल्लाला मास्तरांचं नाव कसं ठेवलं होतं. सांगताना ती हसली. इतक्या वर्षांत त्याचं नाव त्या घरात पहिल्यांदा मोकळेपणानं निघालं होतं, आणि दूरदेशी कँटीनच्या कोपऱ्यात बसलेली मी त्या घरात होते.

मग मागून काही आवाज आला आणि माय घाईनं म्हणाली, "ठेवते आता. आरू आलीय बसनं. भूक लागली म्हणायलीय."