चहा येईपर्यंत

सुमेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या दोघींचा शोधनिबंध लिहायला बसले होते. बसले होते म्हणजे, टेबल आवरत होते. तिच्या नवऱ्यानं, प्रकाशनं, दोन वाक्यं सांगून फोन ठेवला. मी रडले, खूप रडले... आणि रडता रडता मनात आलं, हिचा भाग लिहून झाला असणार. दोन महिने झाले, पण त्या विचाराची मला लाज वाटत नाही. आमचं नातंच तसं होतं.

आम्ही दोघी रत्नागिरीतल्या एकाच कॉलेजात एकाच वर्षी लागलो. ती प्राणिशास्त्राची, मी समाजशास्त्राची. विद्यापीठात पहिली मी आले होते, ती नव्हे, आणि याची मी तिला अधूनमधून आठवण करून देत असे. मला लिहायला सलग वेळ हवा, शांतता हवी, म्हणून मी मे महिन्याच्या सुट्टीवर भिस्त ठेवायची. मे उजाडला की मुंबईची माणसं यायची, आंबे उतरायचे, आणि माझा निबंध पुढच्या मे महिन्यावर जायचा. सुमेधा मात्र दोन तासांच्या मधे स्टाफरूमच्या खिडकीशी बसून चार ओळी लिहायची. चहा येईपर्यंत, एवढंच. घंटा झाली की पेन बंद, वाक्य अर्ध्यावर असलं तरी.

"अगो, वाक्य तरी पुरं कर," मी एकदा चिडून म्हटलं.

"नको गो. पुरं केलं तर उद्या डोकं खाजवत बसेन. अर्धं असलं की हात आपसूक चालतो."

मी तिच्या लिखाणाला चिमणीचा घास म्हणायची. त्या घासाघासानं भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, त्या इवल्या शिंपल्यांवर, तिचे निबंध छापून येत गेले, ती डॉक्टर झाली, आणि तिच्या सत्काराचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. छान बोलले मी. घरी येऊन जेवले नाही.

गेल्या वर्षी तीच म्हणाली, तिसऱ्या काढणाऱ्या बायांवर दोघी मिळून लिहू. शिंपले तिचे, बाया माझ्या. मग तिचं आजारपण निघालं. दवाखान्यात भेटले तेव्हा एका हाताला सलाईन, दुसरा लॅपटॉपवर.

"तुझं कुठवर आलं?"

"सुट्टीत बसते."

ती हसली. "माझ्याच्यानं सुट्टीपर्यंत थांबवायचं नाय गो." मला वाटलं, टोमणा मारला.

ती गेल्यावर प्रकाशनं फाइल पाठवली. तिचा भाग जवळजवळ पुरा, शेवटचं वाक्य नेहमीसारखं अर्धं. वर लेखकांच्या जागी माझं नाव पहिलं. असा संताप आला! जाता जातासुद्धा मोठेपणा हिनंच घ्यायचा? माझ्याकडे तेव्हा फक्त शीर्षक होतं.

त्या रागातच दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये लिहायला बसले. बाया ओहोटीची वेळ कशी धरतात, कमरेला टोपली बांधून पाण्यात कशा उतरतात... घंटा झाली, उठले. पुन्हा बसले. असं करत गेल्या आठवड्यात माझा भाग झाला. तिच्या वाक्याला मात्र हात लावावासा वाटेना. काल तेही पुरं केलं, दोन-चार शब्द पुरले. तिचं नाव वर घेतलं, माझं खाली, आणि निबंध पाठवून दिला. इतकी वर्षं वाटायचं, ही एकदा समोरून उठली की मला सुखानं लिहिता येईल. आता खिडकीशी कुणी नाही, माझ्यापुढे कुणी नाही, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.