मी गाळलेलं कडवं

उकंडादादाची गाणी उकंडादादाची नाहीत, असं सांगणारा माणूस मी आहे. दुसरं कुणी नाही. परवापर्यंत हे मी कुणापाशी बोललो नव्हतो — बायकोपाशीसुद्धा नाही. आता लिहायला बसलोय तर दर दोन ओळींनी उठून दाराची कडी बघून येतो. लागलीय. तरी बघतो.

ती गाणी घेऊन काढलेल्या सिनेमाची तबकडी तुम्हीही ऐकली असेल. सिनेमा काही चालला नाही. रिसोडच्या तंबूत आठवडाभर राहिला आणि गेला. पण गाणी राहिली. सात गाणी. खरं तर सगळा सिनेमाच त्या गाण्यांच्या आधारानं उभा केला होता, गोष्ट मागाहून जुळवली. लग्नाच्या मांडवात ती वाजतात, निवडणुकीच्या जीपवर वाजतात, आमच्या घरमालकीणबाई तांदूळ निवडता निवडता ती गुणगुणतात. कव्हर उलटून पाहा. मागे छापलं आहे — गीते व चाली : पारंपरिक.

तो एक शब्द माझा आहे.

उकंडादादा माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आधीची तीन पोरं जगली नाहीत, म्हणून मावशीनं हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. शाळेत गेला नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, निंदताना गाणी जोडायचा — चाल आणि शब्द एकदमच यायचे त्याला — आणि रविवारी माझ्यापुढे बसून म्हणायचा. मी लिहून घ्यायचो. मी मास्तर, शिवाय पेटी वाजवायचो. एका लांब वहीत त्याची चाळीसच्या वर गाणी माझ्या अक्षरात उतरली होती.

आमच्या गायन पार्ट्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात गाणं जोडणारा आपलं नाव घालतो, गाव घालतो, आणि साथीदाराचंही नाव घालतो. कागद नसलेल्या माणसाची सही म्हणा ना. दादाचं कडवं असं होतं —

गाणं जोडे उकंडा, पेटीवर मधुकर,
निळ्या झेंड्याखाली वाढले मावसभाऊ लेकरं.

मधुकर म्हणजे मी.

आता इथे मला थांबावंसं वाटतं. कारण पुढचं सांगायचं तर आधी खोलीचं सांगावं लागेल, आणि खोलीचं सांगताना ते कारण दिल्यासारखं वाटेल. ते कारण नाही. पण झालं ते असं.

रिसोडला माझी बदली झाली तेव्हा शाळेजवळच्या गल्लीत खोली मिळाली. घरमालकांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. आमचं आडनाव दोन-तीन जातींत आहे. त्यांना जे वाटलं ते त्यांना वाटू दिलं. मी खोटं बोललो का? नाही. गप्प बसलो. मग रोजच गप्प बसावं लागलं. आवारातल्या विहिरीवर बायको पाणी भरू लागली, घरमालकीणबाई, म्हणजे काकू, तिला हळदीकुंकवाला बोलावू लागल्या, आणि आमच्या घरातली बुद्धाची तसबीर ट्रंकेत लुगड्यांखाली गेली. बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, आणि पोराची तसबीर ट्रंकेत! बोलीसुद्धा बदलली मी. ‘मले’ म्हणायचं थांबवलं. झोपेत बोलीन का, याचीही धास्ती असायची. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. बाहेर कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारली तरी मी आधी खिडकी लावून घ्यायचो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षी मंगरूळपीरच्या उरुसात दादाची पार्टी गात होती, मी पेटीवर होतो. मुंबईचे एक दिग्दर्शक जागा बघत फिरत होते, ते तिथे उभे राहिले आणि हललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी डाकबंगल्यावर बोलावून त्यांनी मोठ्या टेपवर दादाची सात गाणी घेतली. आमचा सिनेमा हाच, म्हणाले. गायला मुंबईचे गायक आणू, पण गाणी हीच.

दादाला परत जायचं होतं, वेचणी चालू होती. जाताना म्हणाला, “मधू, तू हायेस ना? मंग मले काय पाह्यचं हाये!”

मी होतो. मी वहीवरून स्वच्छ प्रत काढत बसलो होतो. दिग्दर्शक समोर चहा पीत होते. भला माणूस होता, हे सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, “मास्तर, कव्हरच्या मागे पूर्ण पान देतो. या गड्याचं नाव, गाव, तुमचं नाव. शेवटचं कडवं ठळक छापू. आणि फोटो — तुम्हा दोघा भावांचा.”

दोघा भावांचा.

घरमालकांच्या ओसरीवर नवा फोनो होता. प्रत्येक नवी तबकडी त्यांच्याकडे यायची. मला ते कव्हर दिसलं. काकूंच्या हातात. चष्मा लावून मागची बाजू वाचताना. निळा झेंडा, मावसभाऊ, मधुकर — आणि फोटो. विहिरीवर घागर घेऊन उभी असलेली माझी बायको दिसली; तिला तेव्हा सातवा महिना होता. आणि मी बोललो. मला वाटलं नव्हतं मी इतकं सहज बोलेन.

“छे छे, ही गाणी यांची नाहीत. जुनी आहेत. खेड्यात सगळेच म्हणतात.”

“मग शेवटी नाव येतं ते?”

“म्हणणारा आपलं नाव घालतो, साहेब. इकडे तशी रीतच आहे.”

काय उत्तर होतं पाहा! दादाची सहीच मी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी केली. ते जरा हिरमुसले. म्हणाले, “मग ते कडवं काढूनच टाका. नाही तरी साडेतीन मिनिटांत बसत नाही.” मी सातही गाण्यांचं शेवटचं कडवं गाळलं. माझ्या हातानं. त्या प्रतीत एक खाडाखोड नव्हती.

तबकडी आली. घरमालककाकांनी ती लावली, ओसरीवर बसून सगळ्यांनी ऐकली, मीही मान डोलावली. भीती गेली का? उलट दोन झाल्या. आधी जात कळेल याची होती. आता हेही कळेल याची. गाणं लागलं की मी गल्ली बदलायचो. वर्गात पोरं गुणगुणायला लागली की फळ्याकडे तोंड करायचो.

आणि दादा? दादानं आपली गाणी पोहरादेवीच्या यात्रेत ऐकली, एका हॉटेलाच्या भोंग्यावरून. आनंदानं ओरडला म्हणे, “हे गाणं माह्यं हाये!” लोक हसले. कुणी तरी कव्हरच आणून वाचून दाखवलं. “वा रे उकंड्या! बुढ्यांचं गाणं तुह्यं काहून झालं रे? उद्या म्हणशीन देऊळ बी मीच बांधलं!” त्यानंतर तो गायला उभा राहिला की पोरं ‘पिच्चरचोर’ म्हणून ओरडू लागली. स्वतःच्या गाण्याचा चोर.

तो माझ्याकडे आला. यष्टीनं, दुपारी. काकू ओट्यावर बसल्या होत्या. दारात मळक्या धोतरातला दादा, आणि मी उंबऱ्याच्या आत. मी त्याला ‘ये’ म्हटलं नाही.

“मधू — मास्तर,” त्यानं एकदा काकूंकडे पाहिलं आणि लगेच शब्द बदलला. “ते वही दाखोता का? वहीत त नाव हाये. लोकाईले दाखोतो एकडाव.”

वही माझ्या मागे दहा हातांवर होती. ट्रंकेत, तसबिरीच्या शेजारी.

“वही हरवली,” मी म्हणालो. “वाळवी लागली होती, मग हरवली.” एवढं धड खोटंही मला जमलं नाही.

काकूंनी विचारलं, “कोण हो मास्तर?” दादाच म्हणाला, “काही नाही बाई. मास्तरच्या गावचा गडी हावो. कागद वाचून घ्याले आल्तो.” आणि वळला. मे महिना होता. त्याला पाणीसुद्धा दिलं नाही मी. दिलं असतं तर कोणत्या तांब्यातून, हे काकूंनी पाहिलं असतं — हा हिशेब तेव्हाही माझ्या डोक्यात चालू होता.

त्याला सगळं समजलं होतं. समजून त्यानं मला झाकलं. पुढे सहा वर्षं तो गायला नाही.

मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. उद्या म्हणजे कधी? पोरगी शाळेत जायला लागली, तरी उद्याच. या वर्षी जयंतीच्या दोन दिवस आधी मुलीनं विहिरीवर त्यातलं एक गाणं म्हटलं. अख्खं. आणि शेवटी मला विचारलं, “बाबा, हे एवढंच आहे का? अर्धं वाटतं.” त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मंग सामान बांधून ठेवू का?”

जयंतीची सभा चौकात होती. भोंगे चारी बाजूंना. आवाज आमच्या गल्लीत, थेट ओसरीपर्यंत जातो, हे मला माहीत होतं. दादा सतरंजीवर मागे बसला होता, पार म्हातारा झालेला. मी मंडळाच्या पोराकडून माइक मागितला. वही उघडून टेबलावर ठेवली. आणि त्या बोलीत बोललो, जी इतकी वर्षं गिळून बसलो होतो —

“दादा, ते सातही गाणे तुह्ये हायेत. जुने हायेत म्हणून मीच सांगतलं. तुह्यं नाव माह्या हातानं कापलं. वही हारपली नव्हती, मी लपोली होती. लोकं तुले चोर म्हणत होते तवा मले ठाऊक होतं चोर कोन हाये. तुले दारात उभं ठेवलं, पानी नाही देलं, भाऊ हाये म्हणून सांगतलं नाही. मी भेलो होतो. आताबी भेऊनच उभा हावो. माह्यं चुकलं, दादा.”