मुलींचं अक्षर

रोज सकाळी निघताना ती आईसाठी चिठ्ठी ठेवायची आणि रोज दुपारी आई फोनवर विचारायची, "बाई गं, हे काय खरडलंयस?"

विद्यापीठात 'स्त्री-पुरुषांच्या भूमिका' या विषयावर गटागटाने सादरीकरण होतं. तिच्या गटात ती सोडून सगळे मुलगे. तिला वर्गासमोर बोलायची भारी हौस, आवाजही खणखणीत. पण गटातल्या उंच मुलाने परस्पर कामं वाटून टाकली.

"तक्ता तू लिही. मुलींचं अक्षर छान असतं. बोलायचं मी बघतो."

"अरे, पण माझं अक्षर..."

"लाजतेस काय!"

तिने जीव ओतून तक्ता लिहिला. तो उघडला गेला थेट वर्गातच. उंच मुलाने मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे. शाईत पाय बुडवून कोंबडी कागदभर हिंडली असावी, असं ते लिखाण होतं. वर्गात खसखस पिकली.

"लिहिलंय कुणी?" प्राध्यापक बाईंनी विचारलं.

"मी."

"मग तूच सांग बाई, काय ते."

ती तास संपेपर्यंत बोलली. तक्ता धरून उभ्या असलेल्या उंच मुलाला मध्येच म्हणाली, "जरा वर धर ना, मागच्यांना दिसत नाहीये."