आमच्या साडूंचा एकच शब्द

प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द असावा, आणि तोही आपणच ठरवलेला, असं मनापासून मानणारा माणूस बघायचा असेल तर नागपुरात येऊन आमच्या मोठ्या साडूंना भेटावं. सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्डरूममध्ये त्यांची हयात गेली. निवृत्त झाले त्या दिवशी कार्यालयानं त्यांना शाल दिली आणि त्यांनी रेकॉर्डरूम घरी आणली. घरातल्या प्रत्येक डब्यावर, खोक्यावर, ड्रॉवरवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. "ज्या शब्दानं ठेवलं, त्याच शब्दानं शोधाचं," हा त्यांचा मूलमंत्र. आणि नशीब असं की, त्यांचं लग्न झालं माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीशी! ताई एका गोष्टीला दोनदा एकच नाव देतील तर शपथ. एकदा त्या स्टुलावर उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, पाना द्या बरं." साडूंनी इमानदारीनं पाना दिला. "हा नाई हो, ते चिमट्यासारखं!" "त्याले पकड म्हणते. पकड मागा, पकड देतो." ताईंनी पकड मागेपर्यंत नळ वाहत होता.

फोन हाती आल्यावर तर त्यांची तपश्चर्या पुरी झाली. रोज सकाळी चहाच्या आधी ते फोनमध्ये तेच तीन शब्द त्याच क्रमानं लिहितात : नागपूर आज पाऊस. मे महिन्यात, कूलरसमोर बनियनवर बसूनसुद्धा. मी एकदा विचारलं, "काहून हो, आज कुठला पाऊस?" तर म्हणाले, "भाऊ, रोज तेच विचारलं तरच उत्तर बदललेलं समजते." माझा कारभार उलटा. गुडघा दुखला तेव्हा मी सोमवारी 'गुडघेदुखी' शोधली, मंगळवारी 'जिना चढताना कटकट आवाज', बुधवारी 'चाळिशीनंतर हाडं', आणि गुरुवारी मृत्युपत्राचा विचार करत साडूंकडे गेलो. त्यांनी माझा फोन काढून घेतला. "दर बारीले नवा शब्द टाकून राहिले तुम्ही, म्हणून दर बारीले नवा रोग निघून राहिला. एक शब्द धरा आणि डॉक्टरले दाखवा." डॉक्टरांनी मला फक्त नवी चप्पल घ्यायला सांगितली.

अशा माणसाच्या फोनमध्ये आम्हाला एक गोष्ट सापडेना, ही हकीकत गेल्या हिवाळ्यातली. आमच्या सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला त्यांच्या हातची सांबारवडी करायची, असं ताईंनी ठरवलं. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बेसनाच्या पारीत तिचं सारण भरून तळलेली ही वडी सासूबाईंची हुकमी. पण ताईंची वडी तेलात पडली की फुटायची. दोनदा केली, दोनदा कढईत नुसता सांबार तरंगला. ताई ओट्याला टेकून रडवेल्या झाल्या. "आईनं सांगितलं होतं वं सगळं. यांनी फोनात भरूनही घेतलं होतं. मीच नीट ऐकलं नाई."

साडू तेव्हा कामठीला गेले होते आणि फोन घरीच विसरले होते. आम्ही तिघं त्या फोनवर तुटून पडलो. गॅसवाल्यापासून गुरुजींपर्यंत सगळ्यांचं बोलणं त्यांनी भरून ठेवलेलं, प्रत्येकाला नाव दिलेलं. ताईंनी 'आई' शोधलं, मग 'वडी', मग 'मसाला'. बायकोनं 'सांबार' टाकलं. मी, स्वतःला हुशार समजून, 'सासूबाई', 'पाककृती', 'तळण'. काही नाही! "पुसून टाकलं असन," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात साडू परतले. प्रकार ऐकून म्हणाले, "काही पुसलं नाई," आणि फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल. अर्ध्या मिनिटात सासूबाईंचा आवाज खोलीत आला. "पारीले आतून चिंचेचं पाणी लाव वं, मंग कडा दाब. मंग नाई फुटत." ताईंनी पदर तोंडाला लावला. पुढे भांड्यांचा आवाज, आणि मग निघालेल्या जावयामागे दारापर्यंत येऊन मारलेली हाक : "निघाले का बापू? जेवून जाजा."

बायकोनं फोनात डोकावून पाहिलं. नाव दिलं होतं : जेवून जाजा. ते नाव मघाशी मीच दोनदा बघून पुढे सरकवलं होतं.

"हे काय भाऊजी," बायको म्हणाली, "वडीले वडी नाई म्हणायचं?"

"वडी तुमची होती," साडू भिंतीलाच म्हणाले. "मी ज्याच्यासाठी ठेवलं, त्याचं नाव दिलं." मग फोन बंद करत, "माही माय लवकर गेली. असं दारापर्यंत येऊन कोणी म्हणलं नव्हतं मले."

ताईंनी चिंच भिजत घातली. वर्षश्राद्धाच्या दिवशी एकही वडी फुटली नाही. निघताना मी चपला शोधत होतो, तर साडू दारापर्यंत आले. पण आमची जेवणं झालेली, त्यामुळे त्यांना काय म्हणावं ते सुचेना. नुसतेच उभे राहिले.

तो आवाज त्यांनी मलाही त्याच नावानं पाठवलाय. माझ्या फोनात मी ठेवलेलं काहीच मला पुन्हा सापडत नाही. दर वेळी नवा शब्द आठवतो. हे एवढं मात्र पहिल्या झटक्यात सापडतं. कधीकधी भूक नसतानाही शोधतो.