माझी सॅक

डिस्क गोल्फची सॅक घ्यायला काल एकटीच दुकानात गेले. तबकड्या फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत पोचवायचा हा खेळ विनय आणि मी लग्नानंतर अकरा वर्षं खेळलो. सॅक एकच, त्याच्या पाठीवर. ओझं नवरा उचलतो म्हणून मैत्रिणी हेवा करायच्या. यंदा आम्ही वेगळे झालो, तेव्हा सॅक त्याच्याबरोबरच गेली; तीन तबकड्या माझ्या वाटणीला आल्या.

"किती तबकड्या ठेवायच्यात?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"तीन."

"मग एवढी मोठी कशाला? खांद्याला अडकवायची पिशवी पुरेल."

मी हट्टानं मोठीच घेतली, रुंद पट्ट्यांची.

घरी भरायला बसले. लांब जाणारी तबकडी आतल्या कप्प्यात आणि जवळून टाकायची वर, असं विनय लावायचा. तिन्ही हातात धरून पाहिल्या, पण लांबची कुठली, जवळची कुठली ते मला सांगता येईना. अकरा वर्षं त्यानं काढून दिली ती मी फेकली. दुसऱ्याचं ओझं उचलणारा त्यातलं काय काय स्वतःकडे ठेवून घेतो, हे फार उशिरा कळतं. राग त्याचा येतोच. पण मी एकदाही विचारलं नाही, त्याचा जास्त येतो.

आज मैदानावर एक तरुण जोडपं होतं. तिनं हात पुढे केला, त्यानं सॅकमधून तबकडी काढून दिली. माझ्याकडे बघून ती हळहळली, "एकट्याच आलात? सॅकही तुम्हीच उचलता?"

"हो," मी म्हणाले. तिच्या हातातली तबकडी कुठली, ते तिला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.